एका रेषेचे तीन चढ

वाचकाचं पत्र

आदरणीय बाई,

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका जुन्या वाड्यात राहतो. माझी मुलगी अकरावीत आहे, गणित घेतलंय. दहावीपर्यंत तिचं गणित चांगलं होतं. आता ‘सरळ रेषा’ हा धडा सुरू झाला आणि सगळं बिनसलं. दोन बिंदू दिलेले असतात, त्यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढायचा. सूत्र तिला तोंडपाठ आहे, पण गणित करायला बसली की कधी उत्तर जमतं, कधी चिन्ह उलटं येतं, कधी आकडाच भलता. परवा एकच गणित तिने तीनदा केलं आणि तीन वेगळी उत्तरं आली. त्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. कोचिंगचे सर म्हणतात, “सिली मिस्टेक आहे, प्रॅक्टिस वाढवा.” तिने रोज तीस-तीस गणितं केली, तरी फरक नाही. ती विचारते, “आई, चढ उणा कसा असेल? मग त्याला चढ का म्हणायचं?” मला उत्तर देता येत नाही, मी दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही. मागच्या आठवड्यात रडून म्हणाली, मला कॉमर्स घेऊ दे. घेऊ द्यावं का? आणि मला गणित येत नसताना मी तिच्यासाठी काही करू शकते का?

– एक आई, लष्कर, ग्वाल्हेर

ताई,

कॉमर्सचं आत्ता काही ठरवू नका. तिला मनापासून हिशेब, व्यापार, बँक यांत रस असेल तर जरूर घेऊ द्या, ती चांगली वाट आहे. पण रेषेच्या चढाला घाबरून तिकडे जाणार असेल, तर तो तिथेही भेटणार आहे. अर्थशास्त्रात पहिल्याच वर्षी मागणीचा वक्र येतो. किंमत वाढली की मागणी घटते, म्हणून तो डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, आणि त्याचा चढ उणाच असतो. इकडे राहिली तर याच वर्षी भौतिकशास्त्रात वेळ आणि अंतर यांचा आलेख येईल. त्या रेषेचा चढ म्हणजे वेग. तेव्हा हे एक प्रकरण नीट समजून घेणं दोन्हीकडे उपयोगाचं आहे, आणि ते तिला समजण्यासारखं आहे. वहीचं पान पाहून मी हे खात्रीने सांगते.

ते पान मी बराच वेळ बघत बसले. बिंदू आहेत (−२, ५) आणि (४, −३). पुस्तकातलं उत्तर उणे चार तृतीयांश. तिची तीन उत्तरं अशी आहेत: अधिक चार तृतीयांश, उणे चार आणि उणे एक तृतीयांश. सरांना हे तिन्ही धांदरटपणाचे नमुने वाटले. मला तिथे तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. ताप, खोकला आणि पाठदुखीला एकच गोळी दिली तर गुण येत नाही, तसंच या तीस-तीस गणितांचं झालं.

पहिला प्रयत्न बघा. वर तिने लिहिलंय −३ − ५ = −८. अगदी बरोबर. खाली लिहिलंय −२ − ४ = −६. हीसुद्धा वजाबाकी बरोबर! म्हणजे हिशेबात चूक नाहीच. वर तिने दुसऱ्या बिंदूतून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा. क्रम फिरला. उणे आठला उणे सहाने भागल्यावर अधिक झालं आणि चिन्ह उलटलं.

दुसऱ्या प्रयत्नात क्रम नीट पाळलाय. पण ४ मधून −२ वजा करताना तिने ४ − २ = २ केलं. दोन उण्यांपैकी एक उणं गळून पडलं. तिसऱ्यात ते सुधारलं, खाली ६ बरोबर आले, पण वर −३ − ५ चे −२ झाले.

आता यातून एक उपयोगी गोष्ट निघते. उत्तराचा आकडा बरोबर आणि फक्त चिन्ह उलटं असेल, तर बहुतेक वेळा क्रम फिरलेला असतो. आकडाच वेगळा आला असेल, तर उणे संख्यांच्या वजाबाकीत गडबड असते. तिच्या जुन्या वह्या काढा आणि चुकलेल्या गणितांपुढे नुसतं ‘चिन्ह’ किंवा ‘आकडा’ असं लिहा. एवढं करायला गणित यावं लागत नाही, पुस्तकातलं उत्तर शेजारी ठेवलं की झालं. दहा गणितं पाहिलीत की कुठली खोड जास्त आहे ते तुम्हालाही दिसेल.

आता चढाबद्दल. सूत्र क्षणभर बाजूला ठेवू या.

तुम्ही वाड्यात राहता, म्हणजे जिना असणारच, आणि तो बहुधा चांगला खडा असेल. शिवणकामाचा टेप घ्या आणि लेकीला घेऊन जिन्याशी बसा. एका पायरीची उंची मोजा. मग एका पायरीच्या कडेपासून पुढच्या पायरीच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर मोजा. समजा उंची सात इंच आली आणि आडवं अंतर दहा इंच. म्हणजे दहा इंच पुढे गेलं की सात इंच वर. सात भागिले दहा, हा तुमच्या जिन्याचा चढ. तेवढाच, त्यात आणखी काही नाही. उभा बदल भागिले आडवा बदल. मी वर्गात म्हणायची, “उभं वर, आडवं खाली,” आणि मुलं तेच पुटपुटत अपूर्णांक मांडायची. वर काय लिहायचं आणि खाली काय, हा घोळही त्याने मिटतो.

पुढे तिला सांगा, दहा पायऱ्या एकदम मोज. सत्तर इंच वर, शंभर इंच पुढे. सत्तर भागिले शंभर, पुन्हा सात दशांशच. चार पायऱ्या घेतल्या तर अठ्ठावीस भागिले चाळीस, तरी तेच. सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत तोवर कुठूनही कुठवर मोजा, भागाकार बदलत नाही. सरळ रेषेचा सरळपणा म्हणजे हाच. म्हणूनच दोन बिंदू पुरतात आणि ते कुठलेही चालतात. हे जिन्यावर बसून हाताने मोजल्यावर जे कळतं ते फळ्यावर सांगून कळत नाही, असा माझा अनुभव आहे. जुन्या जिन्यात एखादी पायरी कमीजास्त असेल तर तीही मोजू द्या. तिथे भागाकार बदलेल, आणि तिथे रेषा मोडली हे ती स्वतःच म्हणेल.

एक जपायचं. आडवं अंतर म्हणजे जमिनीलगतचं अंतर, जिन्याच्या तिरक्या कठड्याची लांबी नव्हे. कठड्यावर टेप धरून मोजलं तर चढ नेहमी कमी येईल.

आता सूत्र. दोन बिंदू आहेत (क्ष१, य१) आणि (क्ष२, य२), शाळेत ज्यांना एक्स आणि वाय म्हणतात. चढ = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१). वरची वजाबाकी सांगते किती चढलो, खालची सांगते आडवे किती सरकलो. जिन्यावर टेपने मोजलं, इथे वजाबाकीने मोजतो.

लेकीचा मोठा प्रश्न असा की चढ उणा कसा असेल. हा प्रश्न अस्सल आहे, तिला माझी शाबासकी कळवा. यात भाषेचीही थोडी अडचण आहे असं मला वाटतं. आपल्याकडच्या मुलांना हिंदी पुस्तकात यालाच ‘ढाल’ म्हटलेलं दिसतं, कुठे ‘प्रवणता’. ‘ढाल’ म्हटलं की हिंदीत डोळ्यांपुढे उतरण येते आणि मराठी घरात ढाल-तलवारीतली ढाल! महाराष्ट्रातल्या मराठी पुस्तकात शब्द आहे ‘चढ’, त्यात वर जाणं आहे. मूल घरी एका भाषेत, शाळेत दुसऱ्या भाषेत आणि कोचिंगमध्ये ‘स्लोप’ म्हणत तिसऱ्या भाषेत विचार करतं. या तिघांचा मेळ कुणीतरी बसवून द्यावा लागतो. तो तुम्ही बसवून देऊ शकता, कारण त्याला मराठी आणि हिंदी पुरेशी आहे.

तर उणा चढ. आपला किल्ला डोळ्यांसमोर आणा. शहरापासून सुमारे तीनशे फूट उंच उठलेली ती लांबट टेकडी. वर जायच्या दोन वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत: पश्चिमेकडून उरवाईची, जिथून गाड्या जातात, आणि दुसऱ्या अंगाने, ईशान्येकडून, ग्वाल्हेर गेटची पायी चढायची. आता कागदावर किल्ल्याचं चित्र काढा. नकाशात असते तशी पश्चिम डावीकडे, पूर्व उजवीकडे. वळणं सोडून द्या, दोन्ही वाटा सरळ धरा.

उरवाईकडून वर निघालो. समजा आडवे तीन हजार फूट उजवीकडे गेलो आणि तीनशे फूट चढलो. चढ तीनशे भागिले तीन हजार, म्हणजे एक दशांश. आता त्याच वाटेने परत खाली या. उतरलो तीनशे फूट, म्हणून वर −३००. पण सरकलोही डावीकडे, म्हणून खाली −३०००. उणे भागिले उणे, पुन्हा अधिक एक दशांश. जाताना आणि येताना चढ तोच! वाट एकच आहे, आपण तिच्यावरून कुठल्या दिशेने चाललो याचा तिला पत्ताही नाही. म्हणून बिंदूंपैकी पहिला कुठला धरायचा याची काळजी नको. कुठलाही धरा, फक्त वर आणि खाली तोच क्रम ठेवा. पहिल्या प्रयत्नात लेकीने काय केलं होतं? वर उतरणाऱ्याचं मोजमाप लिहिलं आणि खाली चढणाऱ्याचं.

आता ग्वाल्हेर गेटकडून चढा. धाप लागेल, घाम येईल, आपण चढतोय यात काही शंका नाही. तीनशे फूट वर, पण कागदावर आपण उजवीकडून डावीकडे सरकतोय. समजा दोन हजार फूट. ३०० भागिले −२०००, म्हणजे उणे तीन विसांश. आपण चढतोय आणि चढ उणा! म्हणजे हे चिन्ह आपल्या धापेबद्दल काही सांगत नाही. ते एवढंच सांगतं की कागदावर डावीकडून उजवीकडे वाचत गेलो तर ही रेघ वर जाते की खाली. आपण देवनागरी वाचतो त्याच दिशेने. वर गेली तर अधिक, खाली गेली तर उणा. उणा चढ म्हणजे उतार, दुसरं काही नाही. दोन वेगळी नावं न ठेवता एकाच संख्येत दोन्ही बसवले आहेत, म्हणजे पुढे समीकरणं मांडताना दरवेळी ‘चढ असेल तर असं, उतार असेल तर तसं’ करावं लागत नाही.

हे कळलं की मग माझा सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला. गणित करण्याआधी चित्र. आलेखाचा कागद नको, पट्टी नको, वहीच्या कोपऱ्यात दोन आडव्याउभ्या रेघा आणि दोन ठिपके. तिचंच गणित घ्या. (−२, ५) हा ठिपका डावीकडे वर. (४, −३) हा उजवीकडे खाली. जोडा. रेघ डावीकडून उजवीकडे खाली येते, म्हणजे उत्तर उणं असलंच पाहिजे. तिचं पहिलं उत्तर, अधिक चार तृतीयांश, इथेच बाद झालं, एकही वजाबाकी न करता. मग रेघ किती खडी आहे ते बघा. सहा घरं आडवी आणि आठ घरं खाली. जितकं आडवं त्याहून थोडं जास्त उभं, म्हणजे आकडा एकाहून थोडा मोठा हवा. उणे चार आलं तर रेघ जवळजवळ ताठ उभी असती, आणि उणे एक तृतीयांश म्हणजे अगदी सौम्य उतार. दोन्ही बाद. तिन्ही चुकीची उत्तरं तिला पुस्तकाचं शेवटचं पान न उलटता स्वतःच खोडता आली असती.

मी कितीतरी वर्षं मुलांना आधी सूत्र शिकवलं आणि मग चित्र. बऱ्याच उशिरा कळलं की क्रम उलटा हवा. सूत्र हातात पडलं की हुशार मूलही डोळे मिटून आकडे भरतं आणि येईल ते उत्तर मान्य करतं. चित्र आधी काढलं की मुलाला उत्तर कुठल्या गावचं असणार ते ठाऊक असतं. तुमची लेक रडते ती गणित येत नाही म्हणून नव्हे. तीन उत्तरांतलं खरं कुठलं हे ठरवायला तिच्याकडे साधन नाही, म्हणून ती रडते. ते साधन म्हणजे हे दोन ठिपके.

लिहिण्याची एक सवयही लावा. सूत्रात आकडे भरण्याआधी बिंदू एकाखाली एक लिहायचे, लहानपणी वजाबाकी मांडायचो तसे:

(४, −३)
(−२, ५)

वरच्यातून खालचा वजा, दोन्ही स्तंभांत. पहिल्या स्तंभात ४ − (−२), सहा. दुसऱ्यात −३ − ५, उणे आठ. मग उभं वर, आडवं खाली: −८ भागिले ६, म्हणजे उणे चार तृतीयांश. अशी मांडणी केल्यावर क्रम फिरायला जागाच राहत नाही. आणि उणे संख्या कंसात लिहायचीच, कंटाळा केला तरी. दुसऱ्या प्रयत्नात जे उणं गळलं ते कंस नसल्यामुळेच गळलं.

उणे संख्यांची वजाबाकी हा सहावी-सातवीचा भाग. अकरावीतल्या मुलीला ‘ते परत शिक’ म्हटलं तर लागतं, म्हणून जपून. किल्ल्यावरचा मान मंदिर महाल तिने पाहिलेला असेल, त्याला जमिनीखाली दोन मजले आहेत. जमीन शून्य धरा, खालचा मजला उणे एक, त्याच्या खालचा उणे दोन. उणे दोनवर उभं राहून वर चार मजले उंचीवर जायचं ठरवलं (इतका उंच महाल नाही, पण कल्पना करू), तर किती मजले चढावे लागतील? जमिनीपर्यंत दोन, पुढे चार, एकूण सहा. ४ − (−२) म्हणजे हेच सहा. तसंच अधिक पाचवरून उणे तीनवर यायचं असेल तर आधी पाच उतरायचे आणि मग जमिनीखाली आणखी तीन. आठ मजले खाली, म्हणून −८. तिसऱ्या प्रयत्नात तिने आठऐवजी दोन लिहिले, कारण ‘उणे’ आणि ‘उणे’ पाहून तिने पाचातून तीन वजा केले. मजले मोजले असते तर तसं झालं नसतं. या वजाबाक्या तिला रोज दहा द्या. चढाची गणितं नकोत, नुसत्या वजाबाक्या, आणि आठवडाभरच.

आता पानाच्या तळाशी असलेली दोन गणितं. तुम्ही त्यांच्याबद्दल लिहिलेलं नाही, पण मला तीच सगळ्यांत आवडली. (२, ४) आणि (७, ४) यांच्या रेषेला तिने ० भागिले ५ काढलं आणि लिहिलं, “उत्तर नाही.” त्याखालच्या (३, १) आणि (३, ७) ला ६ भागिले ० काढलं आणि लिहिलं, “०”. दोन्ही उत्तरांची अदलाबदल झाली आहे.

पहिल्यात रेषा आडवी आहे. पाच घरं चाललो, चढलो शून्य. महाराज बाडा चौकाच्या सपाट फरशीवरून चालण्यासारखं. चढ आहे, आणि तो शून्य आहे. शून्य हे उत्तर आहे, उत्तराचा अभाव नाही. आपण ग्वाल्हेरकरांनी तर हे विसरूच नये. ग्वाल्हेर गेटकडून किल्ला चढताना एका अखंड खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथे सन ८७६ चा, म्हणजे विक्रम संवत ९३३ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिल्याचं आणि रोज ५० हार अर्पण करायचं त्यात लिहिलंय. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच, छोटं वाटोळं. अभिमानाच्या भरात लोक त्याला जगातलं पहिलं शून्य म्हणतात, तितकं म्हणू नये. कंबोडियात सन ६८३ च्या शिलालेखात शून्याच्या जागी टिंब कोरलेलं आहे. पण आपल्या घरापासून रिक्षेच्या अंतरावर साडेअकराशे वर्षांपूर्वीचं शून्य बोटाने दाखवता येतं, ही काय लहान गोष्ट आहे? त्या २७० मधून शून्य वगळलं तर बाग सत्तावीस हातांची उरेल. शून्य तिथे काम करतंय. तिच्या ० भागिले ५ मध्येही ते तसंच काम करतंय.

दुसऱ्यात रेषा उभी आहे. उरवाईच्या कड्यासारखी, ज्यात जैन मूर्ती कोरल्या आहेत. वर सहा घरं, पण आडवं सरकणं शून्य. ६ भागिले ०. इथे तिचं चुकलं, पण ती फार थोरामोठ्यांच्या पंगतीत बसून चुकली आहे. ब्रह्मगुप्तांनी सन ६२८ मध्ये शून्याचे नियम लिहिले, त्यांत शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं म्हटलं. नवव्या शतकात महावीराचार्यांनी लिहिलं की शून्याने भागलं तर संख्या तशीच राहते. भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात अशा राशीला ‘खहर’ असं वेगळं नाव दिलं आणि ती अनंत मानली. शेकडो वर्षं घासूनपुसून आजचं उत्तर ठरलं: अशा भागाकाराला अर्थच देता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ निश्चित करता येत नाही.

का, हे तिला असं दाखवा. भागाकाराचा ताळा गुणाकाराने करतात. ० भागिले ५ चं उत्तर शून्य, कारण शून्य गुणिले पाच शून्यच. आता ६ भागिले ० चं उत्तर शून्य धरलं, तर शून्य गुणिले शून्य सहा यायला हवं. येत नाही. दुसरा कुठलाही आकडा घ्या, शून्याने गुणल्यावर सहा कधीच येणार नाही.

आणि ‘अनंत’ का म्हणायचं नाही? एक खांब आणि त्याला डावीकडून टेकवलेली शिडी मनात आणा. वरचं टोक दहा फुटांवर. खालचं टोक खांबापासून पाच फुटांवर असेल तर चढ दोन. दोन फुटांवर आणलं तर पाच, एका फुटावर दहा, एका इंचावर एकशे वीस. आकडा वाढतच चाललाय, तेव्हा शिडी खांबाला चिकटली की अनंत होईल असं वाटतं. पण आता शिडी उजवीकडून टेकवा. डावीकडून उजवीकडे वाचताना ती आता खाली उतरते, म्हणून एका इंचावर चढ उणे एकशे वीस, आणि जवळ आणावी तसा तो उणे दिशेला पळत सुटतो. खांबाला चिकटलेली शिडी मात्र दोन्ही बाजूंनी एकच. तिचा चढ अधिक अनंत म्हणावा की उणे अनंत? दोन्हीपैकी एक निवडायला काही आधार नाही. म्हणून तिथे ‘चढ निश्चित नाही’ असं लिहितात. उत्तर सोडून दिलं असा त्याचा अर्थ नाही, परीक्षेत तेच पूर्ण उत्तर धरतात.

यापुढचं तिला फार जड जाणार नाही. समांतर रेषांचे चढ सारखे, कारण दोन्ही जिने सारखेच खडे. तीन बिंदू एका रेषेत आहेत का ते पाहायचं तर पहिल्या दोघांचा आणि नंतरच्या दोघांचा चढ काढायचा, जुळला तर आहेत. चढ एक असेल तर रेषा आडव्या अक्षाशी ४५ अंशांचा कोन करते. हे सगळं जिना नीट कळल्यावर आपोआप जागेवर बसतं.

तुम्ही शेवटी विचारलंत की मला गणित येत नसताना मी काय करू. तिला रोज एक गणित तुम्हाला समजावून सांगायला लावा. खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारा, तिची परीक्षा म्हणून नको. “हा ठिपका डावीकडे का ठेवलास?” “रेघ खाली येते म्हणालीस, मग उत्तर उणं यायला हवं ना?” एवढे दोन प्रश्न पुरतात. ज्याला येत नाही त्याला सांगताना माणूस पायऱ्या गाळत नाही. तुम्हाला येत नाही हे इथे तुमच्या कामाचंच आहे. आणि तीस गणितं बंद. चार पुरेत, चारही चित्रासकट.

कोचिंगच्या सरांशी भांडू नका. पण तिला एवढं सांगा की त्या चुकांना ‘सिली’ म्हणणं मला पटलेलं नाही. प्रत्येक चुकीला कारण होतं आणि ते पानावर स्पष्ट दिसत होतं. आणि हो, तिने तिन्ही प्रयत्न खोडरबराने न पुसता तसेच ठेवले, म्हणून मला ते वाचता आले. पुढेही पुसू नकोस म्हणावं.

येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तिला घेऊन ग्वाल्हेर गेटकडून किल्ल्यावर जा. चतुर्भुज मंदिरापाशी थांबा, दम खा, ते शून्य तिला पाहू द्या. मग पुढे चढताना विचारा, आपण आत्ता चढतोय तो चढ कागदावर अधिक की उणा? आणि जिना मोजून झाला की आकडे मला कळवा, उंची किती आणि आडवं किती. जुन्या लष्करातल्या वाड्यांचे जिने खरोखर किती खडे असतात ते मलाही जाणून घ्यायचं आहे.